अष्टभुजेची घडी

ज्या मालकाने लाँड्रीतल्या घडीच्या हॉलमध्ये इतक्या वर्षांत एक पंखा बदलला नाही, त्याने एके सकाळी भिंतीवर देवीचं भलंमोठं चित्र लावलं, आणि थोरलीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

फुकट मिळालेली वस्तू उलटीपालटी करून बघितल्याशिवाय ती हातात धरायची नाही. ताकच काय, ती पाणीसुद्धा फुंकून प्यायची. नवरा म्हणायचा, "तुला स्वतःची सावली दिसली तरी तिला विचारशील, कुणी पाठवलं म्हणून." त्याला म्हणायला काय जातंय. आयुष्यात त्याला ज्यांनी ज्यांनी टोपी घातली ते सगळे हसतमुख होते, आणि थोरलीने त्या प्रत्येकाबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं.

लाँड्री मोठी होती. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या, वाळायच्या, इस्त्रीच्या गरम रुळांमधून निघायच्या आणि शेवटी घडीच्या हॉलमध्ये यायच्या. तिथे बायका समोरासमोर उभ्या राहून जोडीने घड्या घालायच्या. थोरलीची जोडी तिच्या धाकट्या जावेशी होती. घरी एक चूल, इथे एक टेबल. म्हणून सगळा हॉल त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा. खरी नावं हजेरीवाल्यालाच माहीत.

चित्रातली देवी सिंहावर बसली होती. आठ हात. एका हाताने आशीर्वाद, बाकी सातांत काही ना काही: त्रिशूळ, चक्र, शंख, धनुष्य, तलवार, गदा, कमळ.

"आठ हात, पण एकही मोकळा नाही," धाकटी म्हणाली. "नाकाला खाज सुटली तर काय करत असेल बिचारी?"

"मागे कॅमेरा आहे," पलीकडच्या टेबलावरची रेडिओ कुजबुजली. तिला रेडिओ म्हणायचे कारण ती बंद होत नसे. "डोळे बघा. जिकडे जावं तिकडे आपल्याकडेच बघतात."

जेवणाच्या सुट्टीत रेडिओ स्टुलावर चढली आणि चौकट भिंतीपासून ओढून मागे डोकावली. मागे एक खिळा होता आणि एक कोळी. सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही. कॅमेरा नाही म्हणजे काहीतरी याहून वाईट आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी यंत्रं बंद करून सगळ्यांना चित्रासमोर उभं केलं. मॅनेजर आला. त्याच्या कॉलरला आणि मानेला सारखाच ताठपणा, म्हणून बायकांमध्ये त्याचं नाव कांजी. त्याच्याबरोबर एक गोड चेहऱ्याचा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस होता. देवदेवतांच्या रूपांतून जगायचे धडे काढून तो कारखान्या-कारखान्यांतून सांगत फिरायचा. त्याने तोंड उघडताच रेडिओने त्याचं बारसं केलं: सुविचार.

"माझ्या भगिनींनो," सुविचार म्हणाला, "ही देवी म्हणजे तुम्ही."

इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये बायकांना कुणी देवी म्हटलं नव्हतं. काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याने एकेक हात घेतला. त्रिशूळ म्हणजे शिस्त. चक्र म्हणजे वेळ, तो थांबत नाही, आपणही थांबू नये. शंख म्हणजे गोड वाणी. धनुष्य म्हणजे ध्येयावर नजर. गदा म्हणजे ताकद, ती काटकसरीने वापरावी. कमळ चिखलात असून तक्रार करत नाही. आशीर्वादाचा हात देतो, मागत नाही. आणि तलवार कशासाठी? मनातला संशय छाटून टाकण्यासाठी.

थोरलीला वाटलं, हे वाक्य तो तिच्याकडेच बघून म्हणाला.

"आणि सिंह म्हणजे आपला राग," सुविचार पुढे म्हणाला. "देवी त्याच्यावर बसली आहे. आपणही आपल्या रागावर बसायला शिकलं पाहिजे."

"बसायला स्टूल दिलं तर बसू," मागून रेडिओ म्हणाली. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांमध्ये खसखस पिकली. कांजीची मान तेवढी वळली.

जाता जाता सुविचारने एक गोष्ट सांगून टाकली. देवी लढायला निघाली तेव्हा तिच्याकडे काहीच नव्हतं. मग एकेका देवाने आपलं आपलं शस्त्र तिला दिलं. त्रिशूळ एकाने, चक्र दुसऱ्याने, धनुष्य तिसऱ्याने. एवढं सांगून तो घाईने पुढे सरकला, जसा माणूस चुकून आपल्याच खिशातली चिल्लर सांडतो आणि उचलत नाही. त्याचा धडा वेगळाच होता: एका बाईच्या अंगात आठ जणींचं बळ असतं, ते तिने ओळखायला हवं.

आठ जणींचं बळ एकीत. मग उरलेल्या सात जणींचं काय करायचं, हे मात्र तो बोलला नाही.

संध्याकाळी कांजीने थोरलीला केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. ती नुसती कडेवर टेकली, कारण त्या खुर्चीवर आजवर फक्त घरी पाठवलेल्या बायका बसल्या होत्या.

"घाबरू नका," कांजी म्हणाला. "मालकांनी तुमची निवड केलीय. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक टेबलावर एक दांडी बसणार. खांद्याच्या उंचीवर, तिला दोन चिमटे. चादरीची दोन टोकं चिमट्यात, दोन तुमच्या हातात. समोर दुसरी बाई लागत नाही. त्याआधी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक होईल. जी हे करून दाखवेल तिला आम्ही अष्टभुजा म्हणणार. पगारही थोडा वाढेल."

"आणि समोरची?"

"ते बघू आम्ही. धुलाईकडे जागा निघाली तर."

धुलाईकडे जागा निघत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

"समोरची माझी जाऊ आहे, साहेब."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. त्यांना नीट समजावायला घरचंच माणूस बरं. पण एवढ्यात घरी बोलू नका. देवी बोलत नसते, करून दाखवते."

थोरलीने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ती उठली, खुर्ची जागेवर ढकलली आणि बाहेर आली. सज्जन माणसं यालाच विचार करणं म्हणतात. मी त्याला दुसरं नाव देईन, पण थोरलीची बाजूही ऐकून घ्या.

तिच्या घरात चूल एक असली तरी बायकांची पगाराची पाकिटं दोन होती, आणि ज्या बाईच्या हातात पाकीट नाही ती चुलीची. लग्नानंतर कितीतरी वर्षं थोरली ती बाई होती. सासूचं पथ्य, दिराचा डबा, नवऱ्याचे मोजे, सगळं तिचं; आणि साबणाची वडी संपली तरी हात पसरायचा. मग लाँड्री मिळाली. पुढे धाकटी आली, तीही लाँड्रीत लागली, आणि दोघींनी चूल वाटून घेतली. आता दोघींतली एक घरी बसणार म्हणजे उरलेला जन्म दुसरीची भांडी घासणार. थोरलीला ते घर आतून माहीत होतं. तिथे तिला परत जायचं नव्हतं. आपल्या जागी धाकटीला ढकलायचं का, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न तिने उशाखाली ठेवून दिला.

चादर ही मोठी चुगलखोर वस्तू आहे. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, दोन-दोन टोकं धरतात, एक झटका देतात, मग ताण. त्या ताणात समोरचीचं सगळं कळतं. रात्री नवऱ्याशी भांडण झालं असेल तर ताण जास्त, अंगात ताप असेल तर कमी. मग एक जण चालत पुढे येते, आपली टोकं समोरचीच्या हातात सोडते, खाली लोंबलेली दुमड उचलते, पुन्हा ताण. बोलावं लागत नाही. बघावंही लागत नाही.

दुसऱ्या सकाळी धाकटीचा ताण बदलला होता.

जास्त नाही, कमी नाही. मोजूनमापून होता. जसं पाहुण्यांसमोर कुणी जपून बोलावं. थोरलीने मुद्दाम झटका जोरात दिला. एरवी धाकटी म्हणाली असती, "अहो जाऊबाई, चादर आहे, माझी मान नाही." आज नुसती हसली.

हिला कळलंय, थोरलीला वाटलं. कुणी सांगितलं? कांजीने? कशासाठी?

घरी गेल्यावर धाकटीने न सांगता चहा टाकला आणि पहिला कप थोरलीपुढे ठेवला.

"आज काय विशेष?"

"काही नाही. दमला असाल."

"रोजच दमते."

"मग रोज देते," धाकटी म्हणाली आणि पातेलं घासायला वळली.

थोरलीने चहाकडे असं बघितलं की जणू त्यात काही विरघळलंय. नवरा म्हणाला, "प्या आता जिभेचं ऐकून. मनाचं ऐकलंत तर गार होईल." बायकोला चिडवायचं असलं की तो तिला अहो-जाहो करायचा. दीर हसला. धाकटी पाठमोरीच राहिली, आणि थोरलीने त्या पाठीचासुद्धा अर्थ लावला.

त्या आठवड्यात ती पोलिसासारखी वागली. धाकटी रेडिओशी काय बोलते, कांजी समोरून गेला की मान खाली घालते का, सगळं टिपून ठेवलं. सगळं जुळत होतं. संशयाचं हेच सुख आहे, की त्यात न जुळणारं काही नसतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सासू झोपली होती, पुरुष बाहेर गेले होते. थोरली बाजारातून लवकर आली. धाकटीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून तो आवाज आला, जो तिने झोपेतही ओळखला असता: चादरीचा झटका.

ती फटीतून बघत राहिली. धाकटीने खिडकीच्या गजाला दोन कपड्यांचे चिमटे लावले होते. त्यांत चादरीची दोन टोकं. उरलेली दोन हातात. झटका, ताण, मग ती चालत पुढे गेली, एका अंगठ्याने चिमटा दाबला, टोक आत सरकवलं, दुसऱ्या अंगठ्याने दुसरं, आणि खाली वाकून दुमड उचलली. सफाईदार. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. तिच्या ओठांवर घाम होता.

थोरलीच्या कानांत गरम हवा भरली. म्हणजे हिलाही खुर्ची मिळाली. आणि ही हो म्हणून आलीय. मला चहाचे कप देते आणि दाराआड माझी जागा घ्यायचा सराव करते.

आपणही त्या खुर्चीवरून नाही न म्हणताच उठलो, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण दुसऱ्याचं पाप समोर उभं असलं की आपलं केवढंसं दिसतं. तिने पिशवी दणकन ओट्यावर ठेवली. आतला झटक्याचा आवाज थांबला. मग दोघींनी मिळून रात्रीचा स्वयंपाक केला.

रात्री तिने ठरवलं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी आपण करून दाखवायचं. जमेल तसं धाकटी आपलं बघून घेईल. आपल्याला कुणी बघितलं होतं?

प्रात्यक्षिकाला मालकाकडची माणसं आली, फोन उंच धरून. सुविचारही आला. चित्राला हार होता. हॉलच्या मधोमध नवी दांडी उभी होती, चकचकीत, दोन चिमट्यांची.

"सुरुवात आपल्या अनुभवी भगिनीपासून," कांजी म्हणाला, आणि थोरलीचं नाव घेतलं.

ती पुढे झाली. धाकटीकडे बघितलं नाही. चादर घेतली, दोन टोकं चिमट्यांत अडकवली, मागे सरकली. झटका. चादर हवेत फुगली आणि ताठ झाली. लोखंडाचा ताण तिच्या हातांत आला: मेलेला, एकसारखा, ज्याच्या पलीकडे कुणी नाही. ती चालत पुढे गेली, दोन्ही टोकं समोर धरली आणि सोडली.

चादर जमिनीवर पडली.

थोरली आपल्या उघड्या बोटांकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने टोकं समोर धरली होती आणि दोन हातांनी ती घेतली होती. तिच्या हातांनी आजही तेवढंच केलं होतं. दांडीला हात नसतात, हे डोक्याला माहीत होतं. बोटांना कुणी सांगितलं नव्हतं.

"होतं असं," कांजी हसत म्हणाला. जमिनीला लागलेली चादर परत धुलाईला जाते. त्याने ती पायाने बाजूला सारली. "पुन्हा."

ती पुन्हा चालत गेली. या वेळी मनाशी घोकत होती, चिमटा, चिमटा. आणि चिमट्यापाशी पोचताच बोटं पुन्हा उघडली. दुसरी चादर पहिलीवर पडली. फोनवाल्यांनी फोन खाली घेतले. सुविचार गोड चेहऱ्याने छताकडे बघत होता.

"राहू द्या," कांजी म्हणाला. आता त्याच्या आवाजात केबिनमधली खुर्ची नव्हती. "धाकट्या बाई, या."

आलं, थोरलीला वाटलं. ती भिंतीला टेकली. वर देवी होती, सात हातांत सात शस्त्रं घेऊन. देवांनी तिला शस्त्रं दिली, तिच्या हातातलं काढून घेतलं नाही, हे थोरलीला तेव्हा कळलं. इथे उलटं चाललंय. समोरची बाई काढून घ्यायची आणि तुला हात वाढले म्हणायचं. पण कळून आता काय उपयोग होता.

धाकटीने चादर घेतली, चिमट्यांत अडकवली, मागे गेली. झटका असा बसला की हॉल दणाणला. ती चालत पुढे आली. तिचा अंगठा चिमट्याकडे वळलेला थोरलीने पाहिला, स्पष्ट पाहिला. मग तो थांबला. धाकटीने दोन्ही टोकं समोर धरली आणि सोडून दिली.

"माफ करा हं," ती म्हणाली. "सवय."

रेडिओला बोलावलं. तिने चादर टाकली, वर म्हणाली, "आमच्या हातांना संसर्ग झालाय साहेब." हॉलमध्ये हसू उसळलं. क्षणभर वाटलं, आता सगळ्याच टाकतील. गोष्टीत तसंच घडतं. पण हा हॉल होता. चौथी खिडकीजवळच्या टेबलावरची होती; तिचा नवरा गेला होता आणि घरी खाणारी तोंडं होती. ती आली, ओठ दातांखाली दाबून तिने चिमटे दाबले, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि रडायला लागली. टाळ्या वाजल्या. सुविचारने तिच्या गळ्यात चित्राचाच हार काढून घातला.

"आता ही सगळ्यांना शिकवेल," कांजी म्हणाला. "सोमवारपासून एका टेबलाला एक जण. कोण राहील ते उद्या सांगतो."

खिडकीजवळचीला कुणी बोल लावला नाही. तिच्या जोडीदारणीनेसुद्धा नाही. जोडीदारीण फक्त आपली पाण्याची बाटली उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन उभी राहिली.

सुट्टी झाल्यावर दोन्ही जावा फाटकाबाहेर आल्या. थोडं अंतर चालून गेल्या. मग धाकटीच म्हणाली, "जाऊबाई, मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला."

"काय?"

"मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाला, तूच अष्टभुजा, थोरलीला हलवू. घरी बोलू नको म्हणाला. मी नाही म्हणाले नाही. घरी सराव केला. मला वाटलं, तुम्हालाही बोलावलं असणार आणि तुम्ही हो म्हणाला असणार. तुम्ही आठवडाभर माझ्याकडे अशा बघत होतात ना. आणि आज तुम्ही माझ्यासाठी दोनदा चादर टाकलीत. सगळ्यांसमोर. मग माझ्याच्याने होईना."

इतकी चांगली थोरली कधी नव्हती, आणि फुकटात होता येत होतं. नुसतं गप्प राहायचं. धाकटीने जन्मभर तिला मानलं असतं.

"मी मुद्दाम नाही टाकली," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हात सुटला. दोन्ही वेळा. मलाही खुर्ची दिली होती. मीही नाही म्हणाले नाही. आज करून दाखवायचं असं ठरवून आले होते. जमलं नाही."

धाकटीचे पाय थांबले. रस्त्यावरची माणसं दोघींना वळसा घालून जात होती.

"मग मी उगाच टाकली म्हणायची."

"हो."

"खरं कशाला सांगितलंत? गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"उद्या तो पुन्हा एकेकीला बोलावणार. तेव्हा तू माझ्या भरवशावर नाही म्हणशील. आणि तो भरवसा नव्हताच. टेकायला गेलीस तर नुसता पडदा होता, मागे भिंत नव्हती."

धाकटीने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. थोरलीला ती नजर ओळखीची वाटली. ती तिचीच होती, आता दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बसली होती.

"आणि उद्या बोलावलं तर काय म्हणाल?"

"नाही म्हणेन."

"कशावरून?"

शपथ घ्यावी तर शपथा थोरलीने स्वतः कधी कुणाच्या मानल्या नव्हत्या. तिने मागे वळून बघितलं. लाँड्रीच्या माडीवर केबिनची खिडकी उजळलेली होती. कांजी अजून आत होता, उद्याचं ठरवत.

"उद्या कशाला," ती म्हणाली आणि वळून फाटकाकडे चालू लागली. "दोघी मिळून सांगू. राहिलो तर दोघी, नाहीतर दोघी घरी. आणि घरी गेलो तर भांडी अर्धी अर्धी."

धाकटी लगेच निघाली नाही. मग चार पावलं भरभर टाकून तिच्या बरोबरीला आली. हात धरला नाही, काही बोलली नाही. थोरली जिन्यावर अर्ध्यातून मागे फिरते का, हे बघत ती शेजारून एकेक पायरी चढत राहिली. वर पोचल्यावर थोरलीने दार वाजवलं, आणि आतून "या" ऐकू येताच आधी स्वतः आत गेली.